अर्ध्या ओंजळीची थाप

मी बी.ए. झाले ती रोज सकाळी मार खाऊन. उपाशीपोटी, डोकं खाली आणि कंबर वर, अशा अवस्थेत पाठीवर आणि बरगड्यांवर. आधी बापाच्या हातचा, मग मैत्रिणीच्या, आणि शेवटी ज्यांची चाहूल लागली तरी अख्खं वसतिगृह चपला हातात घेऊन चालायचं, त्या बाईंच्या हातचा. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बापाला सही तेवढी येत होती, मायला तीही नाही. तेव्हा ही पदवी मी चारचौघांत मिरवते आणि मिरवणार. पण तिच्यापायी कोणाकोणाचे तळहात लाल झाले, तेही सांगायला हवं.

आठवण निघाली ती एका जाकिटावरून. नात्यातल्या एका लहान मुलाला बघायला गेले होते. त्याला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार आहे. छातीतला कफ इतका चिकट, की आपण होऊन सुटत नाही, रोज सोडवावा लागतो. त्याच्या आईने मोठ्या कौतुकाने ते जाकीट दाखवलं. अंगात घालायचं, बटण दाबायचं, की ते थरथर करून छाती हलवतं.

"आजी, तुमच्या वेळी असं काही नसेल ना?"

"होतं की," मी म्हटलं. "माझं जाकीट अकोल्याला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कामाला होतं. शिवाय ते गाणं म्हणायचं."

माझं दुखणं त्या मुलाच्या दुखण्याहून वेगळं, पण चुलतभावातलं. लहानपणी मला डांग्या खोकला झाला. तो गेला, पण जाता जाता फुप्फुसातल्या नळ्या ढिल्या करून गेला. नालीत गाळ बसावा तसा त्यांत कफ बसायचा. कफ बसला की ताप, ताप आला की शाळा बंद. आमच्या वस्तीत खोकल्याला एकच नाव ठाऊक होतं, टीबी. शेजारपाजारच्या बाया माझ्यासमोरून जाताना तोंडाला पदर लावायच्या आणि पदराआडूनच विचारायच्या, "कशी हाय वं पोट्टी?"

शेवटी अकोल्याच्या एका डॉक्टरांनी छाती ऐकली, एक्स-रे फोटो काढवला आणि सांगितलं, "टीबी नाही हा. कफ तळाशी जाऊन बसतो. बाटलीत तळाला मध राहिला तर काय करता?"

"उपडी करतो," माय म्हणाली.

"मग पोरीलाही उपडी करा. आणि बाटलीच्या बुडावर मारता तसं पाठीवर मारा."

मायला हे फारच पटलं. दुसऱ्याच दिवशी तिने मला सरकीच्या पोत्यावर पालथं घातलं. कंबर पोत्यावर, डोकं जमिनीकडे, केस मातीत. आणि जो एकच हात तिला येत होता तो चालवला. चट् चट् चट्, गोल गोल फिरवत, मधेच पाण्याचा हात लावून. आठवडाभरात माझी पाठ लाल झाली, मायचे हात दुखायला लागले आणि कफ जिथल्या तिथे. डॉक्टरांनी झंपर वर करून पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलून हसले.

"माय, पोरीची भाकर केली काय? आता फक्त तव्यावर टाकायची राहिली."

मग त्यांनी हात दाखवला. पाणी प्यायला ओंजळ करतो, तिचा अर्धा भाग. बोटं जुळवलेली, अंगठा चिकटलेला, मधे खळगा. अशा हाताखाली हवा अडकते आणि ती हवा थाप आत पोचवते. कातडीला झोंबत नाही, पण आतला कफ हादरून सुटतो. कपड्यावरून मारायचं, बरगड्या आहेत तेवढ्यातच मारायचं, कण्यावर नाही, कमरेवर नाही. मग आरशावर वाफ सोडतो तसा 'हाऽ' करून जोरात श्वास सोडायचा, की सुटलेला कफ वर येतो.

मायने दोन-तीनदा करून पाहिलं, पण तिचा हात भाकरीच्या वळणाचा. थोड्या वेळाने चपटा व्हायचाच. तेव्हा बा पुढे आला.

माझा बा आमच्या गायन मंडळात ढोलकी वाजवायचा. आधी ते भजनी मंडळ होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमचे देव बदलले, गाणी बदलली, ढोलकी तीच राहिली. ढोलकीच्या मोठ्या तोंडावर पडतो तो हात, आणि डॉक्टरांनी दाखवला तो हात, यांत बाला काही फरकच वाटेना.

"एवढंच व्हय? हे तं मी झोपीत करतो."

त्या दिवसापासून सकाळची माझी शाळा बापाकडे. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तो पाळायचा. फक्त एक गोष्ट त्याने स्वतःची घातली. त्याला गाण्याशिवाय हात चालवता येत नव्हता, म्हणून त्याने कफाला उद्देशून गाणं रचलं. भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडकरूला घरमालक बाहेर काढतो, असा त्याचा थाट होता.

"नीघ रे बाबा नीघ आता, घर तुहं नोहे,
पोरगी माही शिकून राहिली, शायेची वेय होये."

कडवी पुष्कळ होती आणि दर महिन्याला वाढत होती. कफ सुटायचा, मायने धरलेल्या राखेच्या डब्यात पडायचा, मी मोकळी व्हायचे, पण बाचं कडवं संपलेलं नसायचं.

"बा, झालं! उठू दे!"

"थांब वं, दोन ओयी राह्यल्या."

उठले की घर माझ्याभोवती रहाटासारखं फिरायचं. पण शाळा बुडायची थांबली, आणि मी मॅट्रिक झाले.

आता खरी पंचाईत आली. आमची वस्ती जिनांना लागून. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की गल्लीत कापूस उडायचा, भांड्यांवर बसायचा, वरणात पडायचा. बा घरी यायचा तो पांढऱ्या भुवयांचा म्हातारा होऊन, आणि माय त्याला दारातच झाडूने झटकायची. त्या दिवसांत माझी छाती दुप्पट भरायची. डॉक्टर म्हणाले, पोरीला शिकवायचंच असेल तर ह्या धुरळ्यातून बाहेर ठेवा. अमरावतीला कॉलेज होतं, गावाबाहेर मोकळ्या मैदानात मुलींचं वसतिगृह होतं, मला सवलतही मिळत होती. पण तिथे मला रोज सकाळी बडवणार कोण?

"हवा तिकडं अन् हात इकडं," माय म्हणाली. "पोट्टीनं काय हात तोडून न्यावा का तुहा?"

"हात सगळ्यायलेच देले हायेत," बा म्हणाला. "कोनी तं सापडन."

वसतिगृहाच्या खोलीत माझ्यासोबत जी मुलगी आली ती चांदूर रेल्वेची, शेतकऱ्याघरची, दंड माझ्या पोटरीएवढे. मी तिला न्याहाळलं आणि पहिल्याच दिवशी विषय काढला.

"तुले एक काम सांगू का?"

"सांग."

"रोज सकायी मले मारत जा."

तिने माझ्याकडे खालून वर पाहिलं. "काहून? काय केलं तू?"

मी सगळं समजावलं. तिला फार आनंद झाला. "असं काम मले कधी कोनी सांगतलंच नाई. मी तीन भावायची बहीन हाय, माहा हात बसलेला हाय."

खाट लोखंडी होती. पायथा उंच करायला काहीतरी हवं म्हणून आम्ही अंगणातल्या झेंडूच्या वाफ्याच्या कडेच्या विटा उपटून आणल्या आणि दुसऱ्या सकाळपासून काम सुरू केलं. चांदूरवालीचा हात खरोखरच बसलेला होता, पण भाकरीवर. मायचाच हात, फक्त दुप्पट जोराचा. मी सांगायचे, ती ओंजळ करायची, चार थापांनंतर पुन्हा चपटी. पाठ पेटायची, कफ हलायचा नाही. महिनाभरात संध्याकाळचा ताप सुरू झाला.

तेवढ्यात आमच्या बाईंना आवाज गेला. वसतिगृहाच्या प्रमुख बाई मूळच्या पुण्याच्या. पांढरं नऊवार, मनगटावर पुरुषी घड्याळ. आमच्या वऱ्हाडी बोलण्याने त्या नेहमी दचकायच्या. कोणी नुसतं "काहून आले बाई?" विचारलं तरी त्यांना वाटायचं, ही आता अंगावर येणार. त्यात एका सकाळी माझ्या खोलीतून फटाफट मारल्याचा आवाज. बाई दार ढकलून आत आल्या, तर एक मुलगी खाटेवरून डोकं खाली सोडून लोंबतेय आणि दुसरी तिला बडवतेय.

"सोड तिला! सोड आधी!"

चांदूरवालीचा हात हवेत राहिला. "बाई, मारून नाई राहिली. औषध देऊन राहिली."

"औषध?" बाईंची नजर खाली गेली. "आणि ह्या माझ्या झेंडूच्या विटा!"

मला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचं जे व्हायचं ते डब्यात झालं. बाई दोन पावलं मागे सरल्या. विटांचा राग कुठल्या कुठे गेला.

"हा खोकला किती दिवसांपासूनचा आहे?"

दवाखान्यात नेऊन त्यांनी माझा फोटो काढवला, थुंकी तपासवली. टीबी नाही, हे अकोल्याने सांगितलेलं अमरावतीनेही सांगितलं. पण ताप होताच. बाईंनी मला समोर बसवलं.

"क्षय नाही, हे मी मानते. पण तुझी छाती भरलेली आहे आणि ही मुलगी तुला रोज बडवते. उद्या काही झालं तर तुझ्या आईला मी काय सांगू? वडिलांना बोलावून घे. त्यांनी ह्याची नीट घडी बसवून दिली तर राहा. नाही तर नाव काढून घरी जा."

घरी म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा त्याच कापसाच्या धुरळ्यात. आणि त्या काळी आमच्यातली मुलगी पुस्तकं बांधून एकदा घरी परतली की पुढच्या वर्षी पुस्तकं उघडत नसत, पाहुणे बघायला येत. मी चांदूरवालीला म्हटलं, "गेलं माहं कॉलेज." ती म्हणाली, "तुह्या बाले येऊ तं दे."

बा सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून आला. अंगात धुतलेला सदरा, कानांच्या केसांत अजून गेल्या हंगामातला कापूस, आणि खांद्यावर सरकीचं पोतं. अकोल्याहून ते पोतं त्याने मांडीवर मूल घ्यावं तसं आणलं होतं. ओसरीवर बाई उभ्या होत्या.

"पुरुषांना आत प्रवेश नाही."

"बाई, मी तिचा बाप हावो."

"बाप पुरुषच असतो."

"हे बी खरं हाय," बा म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "पोरीची खोली कोनती? खिडकी हाय का तिले?"

खोली तळमजल्यावर होती आणि खिडकी झेंडूच्या वाफ्यावर उघडत होती. बा वाफ्याच्या कडेला खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. पोतं आत पोचवलं गेलं. विटा निघाल्या, पोतं माझ्या कमरेखाली आलं, मी लोंबले. बाई उशाशी घड्याळ बघत उभ्या. दारात निम्मं वसतिगृह.

"बाबा, तुम्हाला दिसणार कसं?" बाईंनी आतून विचारलं.

"दिसाचं कामच नाई. आयकू आलं पायजे."

चांदूरवालीने सुरुवात केली. चट् चट्.

"चपटा!" बाहेरून ओरड. "बोटं जुयव! आंगठा आत घे!"

चट् ढप् चट्.

"एक बरोबर, दोन चुकले. मनगट ढिलं सोड. तू काय वैर काढून राहिली का तिच्यावर?"

ढप् ढप्.

"हां! आता वर. नाई नाई, कमरेवर नको, तिथं फासोया नाईत. आवाज बसका आला पाय."

मला आतल्या आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, पण चांदूरवालीचा हात थकला आणि पुन्हा चपटा झाला. ती कपाळ पुसत थांबली. तेव्हा बाईंनी तो प्रश्न विचारला.

"ही रविवारी चांदूरला जाते. त्या दिवशी कोण?"

दारातली गर्दी एकदम शांत झाली. कोणी नखं बघायला लागलं, कोणी वेणी. काहींना कफाची किळस होती आणि काहींना माझ्या पाठीची. दुसऱ्या किळसेचं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक असेल. बाहेर बा उभा होता. त्यालाही ते ऐकू गेलं असणार. न झालेला आवाजही तो ऐकायचा.

मी वर केलेलं डोकं पुन्हा खाली सोडलं, आता मला फक्त पावलं दिसत होती. बाईंची पावलं माझ्याजवळ आली. घड्याळाचा पट्टा सुटल्याची टिचकी ऐकू आली. मग माझ्या पाठीवर एक नवा हात पडला. चट्.

"हे कोन नवीन व्हय?" बाहेरून गर्जना झाली. "लयच चपटा! का वं पोट्टे, भाकर थापून राहिली का?"

चांदूरवालीने पदर तोंडात कोंबला, हे मला नंतर कळलं. माझ्यासमोरच्या बाईंच्या पावलांची दहाच्या दहा बोटं ताठ झाली.

"आमच्याकडे भाकरी नसते," बाई खिडकीच्या दिशेने म्हणाल्या. "पोळ्या असतात. आम्ही लाटतो, थापत नाही."

वाफ्यातून बाचा आवाज आला, एकदम पडलेला. "माफी करा बाई." आणि जरा थांबून, "पन हात चपटाच हाय."

दारातल्या मुली फुटल्या. मी उलटी लोंबूनही हसले. आणि मला वाटतं बाईही हसल्या असाव्यात, कारण पुढची थाप पडायला उशीर झाला. पण पडली ती ढप्.

"आता?"

"आता बरा."

ढप् ढप् ढप्. पोळी लाटणाऱ्या हाताला भाकरीची सवयच नव्हती, त्यामुळे मोडायचीही नव्हती. एकदा खळगा धरला तो धरलाच. माझ्या उजव्या बाजूला महिनाभर घट्ट बसलेलं काहीतरी हललं, सरकलं. मी 'हाऽ' केलं, पुन्हा 'हाऽ' केलं, आणि ते मोठ्या थाटात डब्यात आलं. मागोमाग आणखी. चांदूरवाली डबा धरून ओरडली, "निंघालं वं माय, निंघालं!" जणू विहिरीला पाणी लागलं.

बाहेर बाला राहवलं नाही. त्याने गाणं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, बाई हात चालवत राहिल्या. तिसऱ्याला त्या थांबल्या.

"गाणं अजून किती आहे?"

"पाच कडवे राह्यले."

"कफ निघालेला आहे. तिचा चेहरा टोमॅटोसारखा झालाय. आता तिला उठवायचं. उरलेली कडवी तुम्ही तिकडे पूर्ण करा."

जे मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते बाईंनी एका वाक्यात केलं. मी उठून बसले तेव्हा पहिल्यांदा खोली जागच्या जागी होती. आणि बाहेर माझा बाप खरोखरच झेंडूला उरलेली पाच कडवी म्हणून दाखवत होता.

बाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ती राहणार. रोज ही चांदूरची. रविवारी मी. पोतं इथेच ठेवा, पण माझ्या विटा आज संध्याकाळपर्यंत वाफ्याला लागलेल्या दिसल्या पाहिजेत."

विटा बानेच लावून दिल्या, जाण्याआधी. आणि जाताना मला ओसरीवरून म्हणाला, "हात चांगला हाय बाईचा. ढोलकीवर बसवता आला असता."

त्या आठवड्यात ताप उतरला. चांदूरवालीचा हात दिवाळीपर्यंत सुधारला, आणि मग तिला इतका अभिमान झाला, की कोणाला साधी सर्दी झाली तरी ती बाह्या सरसावून दारात उभी. तिला पाहून मुली बऱ्या व्हायच्या.

रविवारी बाई यायच्या. दार लावून घ्यायच्या, घड्याळ उशाशी ठेवायच्या आणि एक शब्द न बोलता काम करायच्या. चुकून हात चपटा पडला तर स्वतःच "च्" करायच्या. ठरलेला वेळ झाला की, "ऊठ. सावकाश. पाणी पी." एवढंच.

अशा एका रविवारी, मी शेवटच्या वर्षाला असताना, थापांबरोबर मला एक बारीक गुणगुण ऐकू आली. चाल बाची होती. शब्द मात्र बाईंनी धुऊन, इस्त्री करून घेतले होते, त्यामुळे ते चालीत मावत नव्हते आणि त्या ओढूनताणून बसवत होत्या.

"नीघ रे बाबा नीघ आता, घर तुझे नाही, पोरगी माझी शिकत आहे..."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. कफ केव्हाच निघाला होता. पण कडवं संपेपर्यंत मी तशीच लोंबत राहिले.